हिरव्या औषधाचं टेंडर

कराडकर

मंडळी, मी लँकेशरमधल्या एका जुन्या गिरणगावात फार्मसी चालवतो. गेल्या आठवड्यात काउन्सिलकडून (म्हणजे इथल्या स्थानिक स्वराज्य संस्थेकडून) एक प्रश्नावली आली. आमच्या भागात दारू आणि ड्रग्जच्या व्यसनावर उपचार करणारी सेवा सध्या ज्या संस्थेकडे आहे, तिचा करार वाढवायचा की नव्यानं टेंडर काढायचं, यावर 'स्थानिक भागीदारांचं' म्हणणं मागवलंय. भागीदार म्हणजे मी. शेवटचा प्रश्न असा: 'मागच्या बदलाच्या वेळचा आपला अनुभव ५०० अक्षरांत लिहा.' पाचशेत मावेना, म्हणून आधी इथं लिहितो. तुमचं वाचून तिथं काय टाकायचं ते ठरवीन.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये व्यसनावरचा उपचार फुकट मिळतो, पण त्याचा पैसा हॉस्पिटलच्या खात्यातून येत नाही, काउन्सिलच्या खात्यातून येतो. आधी तो एनएचएसकडे, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेकडे होता. २०१२च्या कायद्यानं सार्वजनिक आरोग्य काउन्सिलांकडे दिलं आणि १ एप्रिल २०१३ पासून कारभार बदलला. काउन्सिल स्वतः कुणाला तपासत नाही. गरज किती आहे ते बघते, अटी लिहिते, संस्था निवडते, तिला पैसे देते आणि वर्षभर आकडे मागते. या सगळ्याला 'कमिशनिंग' म्हणतात. (आपल्याकडचं कमिशन वेगळं. माझ्या वडिलांना हा शब्द सांगितला तर ते डोळा मिचकावून हसले.)

संस्था म्हणजे बहुधा मोठी धर्मादाय संस्था, कुठं कुठं एनएचएसचा ट्रस्ट. तिच्याकडं डॉक्टर, नर्स आणि कीवर्कर असतात. कीवर्कर म्हणजे तुमची फाइल ज्याच्याकडं आहे तो माणूस. ती संस्था माझ्यासारख्या फार्मसीवाल्यांशी पोटकरार करते, दोन कामांसाठी. एक, नव्या सुया देणं आणि वापरलेल्या परत घेणं. दुसरं, हेरॉइन सोडू पाहणाऱ्यांना मेथाडोन, म्हणजे हेरॉइनच्या जागी द्यायचं औषध, रोज समोर पाजणं.

हे पाजणं कसं असतं ते सांगतो. हिरवट, गोडसर पातळ औषध. कपाटाला डबल कुलूप. मोजून प्लास्टिकच्या चिमुकल्या कपात ओततो, माणूस पितो, मग त्याच कपात पाणी घालून तेही प्यायला लावतो. मग दोन वाक्यं बोलतो. हवापाण्याच्या गप्पा वाटतात, पण बोलायला तोंड उघडावं लागतं, म्हणजे औषध गालात धरून बाहेर नेऊन विकता येत नाही. त्यानंतर रजिस्टरमध्ये नोंद, शिल्लक किती मिलिलिटर ते. चिठ्ठी निळ्या रंगाची, खास हप्त्याहप्त्यानं औषध द्यायची. ती कागदी चिठ्ठी हातात असल्याशिवाय थेंबही द्यायचा नाही. फोनवर डॉक्टरनं शपथ घेतली तरी नाही.

आता २०२४. आमच्या काउन्सिलचा जुना करार ३१ मार्चला संपला, नव्या संस्थेचा १ एप्रिलला सुरू झाला. त्या वर्षी ३१ मार्चला ईस्टर होता. शुक्रवारी गुड फ्रायडेची सुट्टी, सोमवारी ईस्टर मंडे. म्हणजे एका संस्थेनं दुकान बंद केलं सुट्टीत आणि दुसरीनं उघडलं तेही सुट्टीत. आमचं दुकान शनिवारी अर्धा दिवस चालू होतं. तेव्हा सगळ्यांना सोमवारपर्यंतचे डोस घरी दिले. जुन्या चिठ्ठ्या तिथं संपल्या.

मंगळवार, २ एप्रिल. माझ्याकडं अकरा जण येतात. सकाळच्या डाकेत निळ्या चिठ्ठ्या आल्या सात. पावणेनऊला दारात उभा असलेला माणूस उरलेल्या चारांतला निघाला. त्याला इथं टोपीवाला म्हणू, बारा महिने एकच राखाडी लोकरी टोपी घालतो. जुन्या ऑफिसला फोन केला तर 'हा नंबर आता वापरात नाही'. नव्या नंबरवर चाळीस मिनिटं संगीत. शेवटी एक मुलगी बोलली, बिचारी रडायच्या बेतात होती, तिच्या संगणकावर जुन्या नोंदी आल्याच नव्हत्या. टोपीवाला आधी रांगेच्या खुर्चीत, मग दाराबाहेर, मग समोरच्या बसथांब्यावर. घाम फुटलेला, जांभया सुरू. हेरॉइनवाल्याला डोस चुकला की जांभया येतात, झोपेच्या नव्हेत. एक वाजता तो गेला.

चिठ्ठ्या आल्या चार वाजून चाळीस मिनिटांनी. संस्थेचा माणूस स्वतःच्या गाडीनं घेऊन आला.

टोपीवाला दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्याही नाही. सलग तीन दिवस चुकले की नियमानं जुना डोस देता येत नाही. शरीराची सवय उतरते, कालपर्यंत झेपणारा डोस श्वास थांबवू शकतो. पुन्हा तपासणी, पुन्हा अगदी कमी डोसापासून. तो परत आला जूनमध्ये.

यातली मेख ऐका. काम करणारी माणसं तीच होती! करार बदलला की कर्मचारी कायद्यानं नव्या संस्थेकडं जातात, 'ट्यूपी' म्हणतात इथं. इमारत तीच, खुर्च्या त्याच. गळ्यातला पट्टा जांभळा होता तो नारिंगी झाला. मग दर तीन-पाच वर्षांनी या उलथापालथीत भलं कुणाचं होतं?

सरळ_रेषा

लेख चांगला आहे, पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मी रेडिंगमध्ये राहतो, काउन्सिल टॅक्स भरतो. आमच्या रस्त्यावरून सहा महिन्यांत दोन सायकली गेल्या, कुणी नेल्या ते सगळ्यांना माहीत आहे. गर्दुल्ल्यांना रोज फुकट औषध, वर कीवर्कर, वर चर्चा की त्यांना उन्हात उभं राहावं लागलं. माझ्या आईला मुंबईत रक्तदाबाच्या गोळ्या स्वतःच्या पैशानं घ्याव्या लागतात. हा पैसा शाळांना द्या.

ग्लासगोकर

एप्रिलमध्ये लँकेशरात ऊन? :)

हिशोबनीस

कराडकर, मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूची. मिडलंड्समधल्या एका काउन्सिलमध्ये खरेदी विभागात काम करते. आरोग्याची टेंडरं माझ्याकडे येतात. तुमच्या टोपीवाल्याचं वाचून वाईट वाटलं, पण 'टेंडर म्हणजे अनर्थ' एवढं सरळ नाही, म्हणून जरा लांबण लावते.

आधी सरळ_रेषा यांना. हेरॉइनचं व्यसन असलेला माणूस उपचारात असला की चोऱ्या कमी करतो. तुमच्या सायकलीचा इलाज हाच आहे. सरकारी हिशोबच सांगतो की उपचारावरच्या एका पौंडामागे समाजाचे चार पौंड वाचतात. डेम कॅरल ब्लॅक यांनी सरकारसाठी केलेल्या पाहणीचा पहिला भाग २०२०त आला आणि दुसरा २०२१त. त्यांनी मांडलं की बेकायदा ड्रग्जपायी समाजाला वर्षाला साधारण २० अब्ज पौंडांची झळ बसते आणि उपचार व प्रतिबंधावर खर्च होतात जेमतेम ६० कोटी.

आता गंमत बघा. ते चार पौंड वाचतात कुणाचे? पोलिसांचे, कोर्टाचे, तुरुंगाचे, हॉस्पिटलचे. खर्चाचा एक पौंड मात्र काउन्सिलचा. माझ्या विभागप्रमुखाला वाचलेले पैसे कधीच दिसत नाहीत, दिसतो फक्त खर्चाचा रकाना. म्हणून अनुदानाला कात्री लागली तेव्हा सगळ्यात आधी इथेच लागली. त्यात आणखी एक गोम. काही कामं काउन्सिलला कायद्याने करावीच लागतात, लैंगिक आरोग्याचे दवाखाने, शाळेतल्या मुलांचं वजन-उंची वगैरे. व्यसनोपचार त्या यादीत नाही. अनुदानाच्या अटींत एवढंच म्हटलंय की या सेवा सुधारण्याची गरज 'लक्षात घ्या'. लक्षात घेतली, असं लिहायला किती वेळ लागतो?

परिणाम कॅरल ब्लॅक यांच्या अहवालात आहेत. एका कीवर्करकडे चाळीसच्या आत माणसं असावीत, प्रत्यक्षात पन्नास ते ऐंशी, कुठे कुठे शंभर. डिसेंबर २०२१च्या दहा वर्षांच्या धोरणात सरकारने उपचारासाठी तीन वर्षांत ७८ कोटी पौंड जादा दिले, त्याने बरीच भरती झाली. २०२३-२४ मध्ये इंग्लंडभर तीन लाख दहा हजारांवर प्रौढ उपचारात होते. पण दहा वर्षांत जे अनुभवी लोक सोडून गेले ते काही परत आले नाहीत.

आता टेंडर. आमच्याकडे एकच संस्था अकरा वर्षं होती. ऑफिस पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वेळ नऊ ते पाच. पायाच्या शिरा सुईने खराब झालेला माणूस जिना कसा चढणार आणि नोकरीवाली दारुडी बाई दुपारी तीनला कशी येणार, हे अकरा वर्षांत कुणी विचारलं नाही. बैठकीत आम्ही विचारलं की उत्तर यायचं, 'करारात नाही'. टेंडर काढलं, अटींत तळमजला आणि दोन संध्याकाळी लिहिल्या, आणि जुनीच संस्था परत जिंकली, यावेळी तळमजल्यावर. टेंडरची टांगती तलवार नसती तर ती हलली नसती.

सरळ_रेषा

चार पौंडांचा मुद्दा पटला नाही, असले गुणाकार सरकार स्वतःच्या सोयीने करतं. पण सायकलीचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे.

कराडकर

हिशोबनीसताई, जिन्याचं अगदी मान्य. पण मला सांगा, आमच्याकडच्या निवडीत किमतीला किती गुण होते? १०० पैकी ४०, असं कानावर आलंय. एवढ्या गुणांसाठी संस्था काय कापणार? पगार. म्हणजे कीवर्करच.

हिशोबनीस

कापतात. खोटं कशाला बोलू. स्वस्त बोली लावून जिंकणं आणि मग हातपाय गाळणं हेही पाहिलंय. मँचेस्टरची लाइफलाइन ही १९७१ पासूनची संस्था, या क्षेत्रातलं मोठं नाव. २०१७ साली बुडाली. देशभरातले तिचे करार रातोरात दुसऱ्यांच्या गळ्यात पडले. त्यानंतर आम्ही बोलीबरोबर ताळेबंदही नीट वाचायला लागलो.

पण एक चांगली बातमी, तुमच्या प्रश्नावलीच्या कामाची. १ जानेवारी २०२४ पासून आरोग्यसेवांच्या खरेदीचे नियम वेगळे झालेत. आता प्रत्येक वेळी खुली स्पर्धा सक्तीची नाही. चालू संस्था समाधानकारक काम करत असेल आणि नव्या करारात फार मोठा बदल नसेल, तर तिलाच थेट करार देता येतो. आमच्यात त्याला 'डायरेक्ट अवॉर्ड सी' म्हणतात. पण 'समाधानकारक' हे कागदावर दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्यासारख्यांनी लिहिलेलंच आमच्या फायलीत पुरावा म्हणून लागतं. कंटाळा न करता लिहा.

मुक्तछंद

मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका व्यसनमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे. एकोणीस वर्षं झाली. धागा वाचताना एकाच वेळी हेवाही वाटला आणि हायसंही.

आमच्याकडे नगरपालिकेचा याच्याशी संबंध शून्य. कायद्याने सार्वजनिक आरोग्य नगरपालिकांच्या अखत्यारीत येतं, राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत तसं लिहिलंय. पण नगरसेवकाला व्यसनमुक्ती आठवते ती २ ऑक्टोबरला, रॅलीपुरती. अनुदान येतं ते थेट दिल्लीहून, सामाजिक न्याय मंत्रालयाकडून. आमच्यासारख्या स्वयंसेवी केंद्रांना ठरावीक खाटांमागे. आणि ते येतं तेव्हा येतं. एकदा चौदा महिने आलं नाही, किराणा दुकानदाराने उधारी बंद केली तेव्हा एका बऱ्या झालेल्या पेशंटच्या भावाने तांदळाची पोती आणून टाकली. उरलेली केंद्रं खासगी, तिथे महिन्याला किती घेतात आणि काय करतात ते न बोललेलं बरं.

महाराष्ट्रात या कामाची पायवाट पाडली ती पुण्याच्या मुक्तांगणने, १९८६ साली. अनिल आणि सुनंदा अवचट यांचं काम आणि पु. ल. देशपांड्यांची देणगी. त्यात ना टेंडर होतं ना कमिशनर. पुण्यात गर्दचा वणवा पेटला होता, घरची माणसं धाय मोकलून रडत होती, आणि कुणीतरी उठून उभं राहिलं. पण प्रत्येक जिल्ह्यात असं कुणी उठेलच यावर व्यवस्था उभी राहत नाही. म्हणून तुमच्या काउन्सिलचा हेवा: कुणीतरी खुर्चीत बसून 'आपल्या भागात गरजू किती' हे मोजायला बांधील आहे! आपल्याकडे २०१९ साली एम्सचा देशभराचा अहवाल आला, त्यात साधारण पावणेसहा कोटी लोकांना दारूसाठी मदतीची गरज आहे असं निघालं. माझ्या तालुक्यात किती? मला माहीत नाही, आणि ते मोजणं ज्याचं काम आहे असा कुणी मला माहीत नाही.

हायसं वाटलं ते यासाठी की आमचा पेशंट दहा वर्षांनी घसरून परत आला तरी दारात तोच वॉचमन आणि आत मीच असतो.

एक शंका. दारूच्या दुकानाचं लायसन्स कोण देतं तुमच्याकडे? आमच्याकडे निदान आडवी बाटली आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला तर दुकान बंद.

हिशोबनीस

लायसन्स देते तीही काउन्सिलच. :( जिथे एकच काउन्सिल असते तिथे दोन्ही एकाच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर लायसन्स, चौथ्यावर उपचाराचं बजेट. जिथे वर काउंटी आणि खाली डिस्ट्रिक्ट असतं तिथे लायसन्स डिस्ट्रिक्ट देतं आणि उपचाराचं बिल काउंटी भरते. आरोग्य विभागाला अर्जावर हरकत घेता येते, पण इंग्लंडच्या कायद्यात लायसन्स नाकारायची चार उद्दिष्टं आहेत, गुन्हे, सार्वजनिक सुरक्षा, उपद्रव आणि मुलांचं संरक्षण. त्यात आरोग्य नाही. 'या दुकानामुळे लोकांची लिव्हरं जातील' हे कारण चालत नाही, 'दुकानाबाहेर लघवी करतात' हे चालतं.

ग्लासगोकर

स्कॉटलंडमध्ये आरोग्य हे पाचवं उद्दिष्ट आहे. शिवाय २०१८ पासून दारूच्या युनिटला (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) किमान भाव आहे, आधी ५० पेन्स, सप्टेंबर २०२४च्या शेवटापासून ६५. आणि उपचाराचं काम इथे हेल्थ बोर्ड आणि काउन्सिल मिळून करतात, वरच्यासारखं टेंडर-टेंडर कमी. तरी ड्रग्जमुळे होणाऱ्या मृत्यूंच्या आकड्यात आम्ही युरोपात फार वाईट आहोत, त्यामुळे कॉलर ताठ करत नाही. जानेवारी २०२५ मध्ये ग्लासगोत देखरेखीखाली ड्रग्ज घ्यायची पहिली अधिकृत जागा उघडली, द थिसल. माझ्या बसच्या रस्त्यावरच आहे. बाहेरून जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यासारखी दिसते. आधी वर्षानुवर्षं भांडणं झाली, आता त्या बाजूने बस जाते तेव्हा कुणी मान वळवून बघतही नाही.

खिडकीतली_तुळस

मी इथे फक्त वाचते, पाककृती सोडून कधी लिहिलेलं नाही. आज लिहिते. ॲडमिन, हे नाव माझं नेहमीचं नाही, चालेल ना?

लंडनच्या पश्चिमेला राहते. घरात दारू. माझे यजमान, आयटीत, पगार उत्तम, मंडळाच्या गणपतीला आरती खणखणीत म्हणणारे. इथे सगळे ड्रग्जचं बोलताय, पण त्या सेवेत दारूवाले पुष्कळ असतात आणि आपल्या लोकांत प्रश्न असतो तो दारूचाच. 'सोशल ड्रिंकिंग' म्हणायचं आणि बाटली गॅरेजमध्ये ठेवायची.

मी अडाण्यासारखं काय केलं ते सांगते, दुसऱ्या कुणी करू नये म्हणून. एका रविवारी सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या, आणि यांनीही कान पकडले, आजपासून बंद. मंगळवारी रात्री यांना फिट आली. जिन्यात. ॲम्ब्युलन्सवाल्या बाईने विचारलं, 'रोज किती घ्यायचे?' मी म्हटलं, अर्धी बाटली व्हिस्की. ती म्हणाली, सातशे मिलीच्या बाटलीत अठ्ठावीस युनिट असतात, म्हणजे रोज चौदा. आठवड्याची मर्यादा चौदा आहे! रोज एवढी पिणाऱ्याने एकदम सोडणं जिवावर बेततं, डॉक्टरच्या देखरेखीखाली, औषधं देऊन उतरवावी लागते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर देवाला नारळ बोलले होते.

मग काउन्सिलच्या सेवेत नाव गेलं. फुकट, आणि जीपीच्या चिठ्ठीशिवाय, स्वतः फोन करता येतो. पहिली कीवर्कर फार चांगली. पोर्तुगीज होती, घरी येऊन माझ्याशी वेगळं बोलली. सात महिन्यांत करार बदलला, ती दुसरीकडे गेली. दुसरा मुलगा आला, तोही चार महिन्यांत गेला. आता तिसरी. प्रत्येकाने तोच फॉर्म काढला. गेल्या २८ दिवसांत किती दिवस प्यायलात, कधी सुई टोचून घेतली आहे का, कुणाच्या चोऱ्या केल्या का. यांना त्या शेवटच्या प्रश्नाचा इतका अपमान वाटतो की बाहेर आल्यावर दोन दिवस बोलत नाहीत. पहिलीने तो प्रश्न विचारताना म्हटलं होतं, 'सगळ्यांना विचारावं लागतं, हसू नका.' तिसरीने वाचून दाखवला.

आणि लिफाफा. काउन्सिलचं नाव छापलेला आणि वर सेवेचं नाव. आमच्या पोस्टमनची बायको मंदिरात भेटते. करार लिहिणाऱ्यांपर्यंत पोचवता आलं तर पोचवा, लिफाफा कोरा ठेवा म्हणावं.

हिशोबनीस

ताई, लिफाफ्याचं लिहून घेतलं. खरंच. आमच्या अटींच्या मसुद्यात 'गोपनीयता' या शब्दावर दोन पानं आहेत आणि लिफाफ्याचा उल्लेख नाही.

मुक्तछंद

तुळसताई, तुम्ही अडाण्यासारखं काही केलं नाहीत. आमच्या केंद्रात येणाऱ्या दर दुसऱ्या घराने सिंकमध्ये नाहीतर मोरीत बाटली ओतलेली असते. तुम्ही स्वतःसाठी कुणाशी बोलता का? घरच्यांचे गट वेगळे असतात, इंग्लंडमध्येही असतील. नवरा जावो न जावो, तुम्ही जा.

काउंटरपलीकडे

कराडकर, मी तुमच्या काउंटरच्या पलीकडचा. तुमच्या गावातला नव्हे, पण असाच. १९९१ साली डोंगरीत गर्द ओढायला शिकलो, २००३ मध्ये काकाच्या ओळखीने इथं आलो तेव्हा घरच्यांना वाटलं परदेशात सुटेल. परदेशात काय, इथं जास्त शुद्ध मिळाली. मेथाडोनवर नऊ वर्षं होतो. आता महिन्याला एक इंजेक्शन, बुप्रेनॉर्फिनचं. रोजची रांग गेली. आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून नॅलॉक्सोनचे किट वाटतो. ओव्हरडोसमध्ये श्वास बंद पडत चाललेल्याला परत आणणारं औषध, नाकात मारायचा फवारा. बाजारात आता हेरॉइनमध्ये नायटाझिन (त्याहून कितीतरी जहाल कृत्रिम ड्रग) मिसळतात, एक फवारा कधी कधी पुरत नाही.

वर सगळे म्हणतायत, नवीन कीवर्कर आला की माणसाला पुन्हा सगळं सांगावं लागतं, बिचाऱ्याचे हाल. खरं आहे. पण दुसरी बाजू मीच सांगू शकतो. नवीन कीवर्कर म्हणजे नव्यानं थापा मारायची सोय! मला तर आवडायचं करार बदलला की. जुनीला माहीत होतं की माझी मावशी तीनदा मेलीय. नवीन मुलाला मावशीच्या मयतासाठी आठवड्याचे डोस घरी मागितले, त्यानं दिले. त्यातले निम्मे विकले. जुनी असती तर म्हणाली असती, 'चौथ्यांदा? बस खाली.'

ती 'बस खाली' म्हणाली तेव्हाच मी पहिल्यांदा खरं बोललो होतो, २०११ मध्ये. ते फायलीत लिहिलेलं नसणार. त्यामुळं नोंदी संगणकावर वेळेत आल्या असत्या तरी मावशी चौथ्यांदा मेलीच असती.

सरळ_रेषा

(हसू आलं, माफ करा.) एक प्रामाणिक प्रश्न. नऊ वर्षं मेथाडोन म्हणजे एक व्यसन सोडून सरकारी व्यसन लावून घेणं नाही का?

काउंटरपलीकडे

त्या नऊ वर्षांत मी गोदामात नोकरी केली, भाडं भरलं, पोरीच्या शाळेत पालकसभेला गेलो. त्याआधीच्या बारा वर्षांत यातलं काही केलं नव्हतं. नाव काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. माझ्याबरोबर सुरुवात केलेले आणि मध्येच 'स्वच्छ' व्हायला गेलेले दोघं आता नाहीत.

सरळ_रेषा

ठीक. माझ्या पहिल्या प्रतिसादातला 'गर्दुल्ले' शब्द मागे घेतो. सायकलीचा राग कायम आहे.

ॲडमिन

मधले तीन प्रतिसाद उडवले आहेत. 'कुठल्या देशातून येणारे लोक ड्रग्ज विकतात' यासाठी हा धागा नाही. तुळस, नाव चालेल.

कराडकर

सगळ्यांचे आभार. काल रात्री दुकान बंद केल्यावर प्रश्नावली भरली. ५०० अक्षरं म्हणजे मोकळ्या जागा धरून, हे शेवटी कळलं. लिहिलं ते एवढंच:

'एक, संस्था ठीक काम करत असेल तर तिलाच ठेवा आणि कीवर्करचा पगार व त्याच्याकडची माणसं किती, हे करारात लिहा. दोन, बदल करायचाच असेल तर जुन्या संस्थेच्या चिठ्ठ्या पुढचे १४ दिवस चालतील अशी सोय आधी करा. तीन, लिफाफे कोरे. चार, नवा करार १ एप्रिलला सुरू करू नका.'

मावशीचं लिहायचं मनात होतं, जागा उरली नाही.

टोपीवाला आज आला होता. त्याला सांगितलं, तुमच्याविषयी काउन्सिलला लिहिलंय, नाव न घेता. म्हणाला, 'टोपीचं लिहिलं का?' म्हटलं, नाही. 'मग ओळखणार नाहीत,' म्हणाला, पाण्याचा कप उलटा करून दाखवला आणि गेला.

हिशोबनीस

चौथा मुद्दा मान्य होणं कठीण. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, अनुदान त्या वर्षापुरतं मिळतं, सगळे करार त्यालाच बांधलेले असतात. तुमचा सध्याचा करार किती वर्षांचा आहे?

कराडकर

तीन अधिक दोन. आजच ईमेल आली, दोन वर्षं वाढवण्याची शिफारस झालीय. म्हणजे ३१ मार्च २०२९ पर्यंत हीच संस्था, हेच नारिंगी पट्टे.

ग्लासगोकर

अभिनंदन. सहज म्हणून पंचांग बघितलं. १ एप्रिल २०२९ ला ईस्टरचा रविवार आहे.

कराडकर

काय सांगता!

हिशोबनीस

खरंच आहे की. कॅलेंडरवर आत्ताच लाल खूण केली. माझ्या काउन्सिलचे दोन करारही त्याच दिवशी संपतायत.